मेक मॉडची 'अपग्रेड' बॅटरी: वर 40 अँप, आत लॅपटॉपचं भंगार

इकडे यूकेत रेडिंगला राहतो, सिगारेट सुटावी म्हणून व्हेपवर (ई-सिगारेटवर) आलो आणि साध्या पॉडवर, म्हणजे छोट्या रेडीमेड व्हेपवर, मस्त चाललं होतं. मग एका शॉपवाल्याने मेकॅनिकल मॉड गळ्यात मारला. तो तेच किट अजून विकतोय आणि आपली बरीच पोरं सध्या या फॅडच्या मागे लागलीत म्हणून लिहितोय.

मेक मॉड म्हणजे पितळेची नाहीतर तांब्याची नळी, आत एक 18650 सेल (बोटाएवढी गोल लिथियम बॅटरी), खाली बटण, वर कॉइल (लिक्विड तापवून वाफ करणारी तार), बास. चिप नाही, फ्यूज नाही, शॉर्ट झालं तर बंद पाडणारं काहीच नाही. बटण दाबलं की कॉइल मागेल तेवढा करंट सेलला द्यावाच लागतो. हिशोब शाळेतलाच, फुल चार्ज सेल 4.2 व्होल्ट, भागिले कॉइलचे ओहम. या पठ्ठ्याने बिगिनर किट म्हणून 0.15 ओहमची कॉइल बसवून दिली, म्हणजे 28 अँप झाले, आणि वर 'अपग्रेड' म्हणून दोन सेल जास्तीचे पैसे घेऊन विकले, रॅपवर (सेलच्या प्लॅस्टिक वेष्टनावर) झोकात छापलेलं 3500 एमएएच (कपॅसिटी, म्हणजे किती चार्ज मावतो), 40 अँप (सेल सतत किती करंट देऊ शकतो). म्हणे काळजीच करू नको, मार्जिन भरपूर आहे.

आता गंमत अशी की 3500 एमएएच आणि 40 अँप हे दोन्ही एकाच 18650 मध्ये मिळत नाही. एवढ्या कपॅसिटीचे नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले सेल दहा अँपच्या आसपासचे असतात, आणि ज्यांचे अँप जास्त त्यांची कपॅसिटी कमी. सॅमसंगचा 25आर सेल घ्या, 2500 एमएएच आणि 20 अँप, कंपनी स्वतः एवढंच सांगते. 9900 एमएएच लिहिलेले सेल तर सरळ थापा आहेत.

चार दम मारले की नळी हाताला चटका द्यायची. शॉपवाला म्हणाला तांबं आहे, तापणारच. माझा रूममेट ई-बाइकचे बॅटरी पॅक रिपेअर करतो, त्याने सेल हातात घेतला आणि पहिलं विचारलं हा कुणी दिला तुला. रॅप सोलला तर बुडाला स्पॉट वेल्डिंगचे डाग, ग्राइंडरने घासून लपवलेले. नव्या सुट्या सेलला असे डाग नसतात, हे जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून उपटून नवीन रॅप चढवलेले. चार्जरवर टेस्ट लावली तर 1400 एमएएच सुद्धा भरले नाहीत. (तुम्ही सोलत बसू नका हं, आतला पूर्ण डबा निगेटिव्ह असतो, शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.)

त्याहून बेकार प्रकार नळीचा. वरची कॅप हायब्रिड होती, म्हणजे कॉइलवाल्या भागाची पिन डायरेक्ट सेलला टेकते. अशा वेळी पिन स्पष्ट बाहेर आलेली पाहिजे, नाहीतर पिनभोवतीच्या थ्रेडची (आट्यांची) कडा सेलच्या पॉझिटिव्ह टोकाला लागून सरळ डेड शॉर्ट. माझ्यातली पिन जवळजवळ लेव्हलला! आणि सेलचा गॅस बाहेर पडायला जी भोकं असतात ती नुसती नक्षी, आरपार नव्हतीच. गॅसला वाट नसली की नळीचा पाइप बॉम्ब होतो. 2018 ला फ्लोरिडात आणि 2019 ला टेक्सासमध्ये व्हेप फुटून माणसं गेलीत, हे मला सगळं झाल्यावर कळलं.

परत करायला गेलो तर म्हणे पॅकिंग उघडलं, बॅटरी रिटर्न नाही. खोटं आहे हे. कंझ्युमर राइट्स ॲक्ट 2015 प्रमाणे खराब माल 30 दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, पॅकिंग उघडलं तरी. मी फोटो काढून लेखी ईमेल टाकला, त्याने उत्तरच दिलं नाही, मग डेबिट कार्डच्या बँकेकडे चार्जबॅक (दुकानदाराकडून पैसे परत घेण्याचा अर्ज) टाकला आणि पैसे आले. कॅश दिली असती तर गेलेच असते. सिटिझन्स ॲडव्हाइसला (इथली ग्राहकांना मोफत सल्ला देणारी संस्था) पण कळवलंय, ते तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे दुकानांवर कारवाई करणाऱ्या सरकारी खात्याला, पाठवतात.

नवीन असाल तर चिपवाला रेग्युलेटेड मॉडच घ्या, शॉर्ट असेल तर तो फायरच होत नाही. मेक हवाच असेल तर कॉइलचे ओहम मोजणारा ओहम मीटर आधी, मॉड नंतर, आणि सेल बॅटरीच्याच खात्रीच्या दुकानातून. रॅप जरा जरी फाटला तरी तो सेल वापरायचा नाही. खिशात किल्ल्यांबरोबर तर अजिबात नाही.

आणि पुण्याहून जे मेसेज करतायत की येताना एखादा घेऊन ये, त्यांना एकच उत्तर, नाही. भारतात 2019 पासून व्हेपच्या विक्रीवर, आयातीवर, साठ्यावर बंदी आहे, आणि तिकडे चोरून विकणाऱ्याने असलाच सेल दिला तर तक्रार घेऊन जाणार कुणाकडे?