पकपीडिया: रात्री दीड वाजता सौदा तपासणाऱ्यांसाठी

नाशकात बसून एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, बघणारे मोजकेच, पण जे आहेत ते हट्टी. हिवाळ्यात टोरंटोचा संध्याकाळी सातचा सामना इथे पहाटे साडेपाचला सुरू होतो, दुसऱ्या पिरियडपर्यंत पेपर दारात पडलेला असतो. मार्चमध्ये खेळाडूंच्या सौद्यांची मुदत, म्हणजे डेडलाइन, संपते; त्यामुळे फेब्रुवारी लागला की या मंडळींच्या ग्रुपवर एकच वाद: अमुक खेळाडू तमुक संघाने घ्यावा की नाही? 2024च्या उन्हाळ्यापर्यंत यासाठी कॅपफ्रेंडली ही खेळाडूंच्या करारांची आणि पगारांची साइट उघडायची असे. वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाने ती साइट विकत घेतली आणि लोकांसाठी बंद केली. आता तिच्या जागी पकपीडिया. फुकट आहे, जाहिराती सोसायच्या.

साइटची खरी ताकद संघाच्या पानात आहे. प्रत्येक खेळाडूचा कॅप हिट (संघाच्या पगार-मर्यादेत त्याच्या नावावर धरली जाणारी वर्षाची रक्कम), करार कोणत्या वर्षापर्यंत, संपल्यावर तो मोकळा होणार की संघाच्या ताब्यात राहणार, बदली नाकारण्याचा हक्क आहे का, सगळं एका ओळीत. शेवटचा रकाना बहुतेक जण बघतच नाहीत आणि ग्रुपवरचे निम्मे सौदे तिथेच पडतात. ‘नो-मूव्ह’ असेल तर खेळाडूच्या होकाराशिवाय काही हलत नाही. मर्यादित ‘नो-ट्रेड’मध्ये तो जायला तयार असलेल्या किंवा नसलेल्या ठराविक संघांची यादी देतो. ती यादी जाहीर नसते, त्यामुळे तिथे अंदाजच बांधावा लागतो.

मग पैसे. 2025-26ची संघाच्या एकूण पगाराची मर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलर. इथे नवखा माणूस हमखास चुकतो. संघाकडे 20 लाखांची जागा दिसते, खेळाडू 80 लाखांचा, म्हणून तो सौदा ‘अशक्य’ ठरवून मोकळा होतो. पण हिशेब दिवसावर चालतो. खानावळीत वीस तारखेला डबा लावला तर दहा दिवसांचेच पैसे द्यायचे, तसंच. साधारण 190 दिवसांच्या सीझनचे 40 दिवस उरले असतील, तर 80 लाखांच्या खेळाडूचे जेमतेम 17 लाख मोजले जातात. वर आधीचा संघ अर्धा पगार स्वतःकडे ठेवायला तयार झाला तर साडेआठ लाख. अर्ध्याहून जास्त ठेवता येत नाही, आणि एका संघाला एका वेळी असे तीनच करार पेलता येतात. म्हणून विकणाऱ्या संघाचं पानही उघडा, तिन्ही जागा भरल्या असतील तर बोलणंच खुंटलं.

दोन खाचा मात्र लक्षात ठेवायच्या. संघ जखमी खेळाडूंची दीर्घ सवलत, म्हणजे एलटीआयआर, वापरत असेल तर न वापरलेल्या जागेची रोजची बचत साठत नाही. आणि 2025-26पासून प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांनाही, मर्यादा लागू झाली आहे: सामन्याच्या रात्री उतरणाऱ्या 20 जणांचे पूर्ण कॅप हिट त्यात बसले पाहिजेत. मार्चमध्ये 17 लाखांत बसलेला खेळाडू एप्रिलमध्ये 80 लाखांचाच धरला जातो. जखमी म्हणून बाजूला ठेवलेला तारा प्लेऑफच्या पहिल्या दिवशी ठणठणीत, हा जुना खेळ त्यामुळे बराच आवळला गेलाय. बरं झालं.

‘पकजीएम’ या भागात सौदा स्वतः मांडून बघता येतो. खेळाडू आणि ड्राफ्टचे पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) इकडून तिकडे टाका, पगार कोण किती ठेवणार ते सांगा, खालचा आकडा बदलतो. एकाच्या बदल्यात तिघे घेताना संघाच्या एकूण 50 करारांची मर्यादा तपासायला विसरू नका. मुख्य चमूतल्या 23 खेळाडूंची मर्यादा डेडलाइननंतर उठते, 50ची उठत नाही.

आकडा बसला म्हणजे संघ सुधारला, असं मात्र नाही. मिको रांटानेन या स्टार खेळाडूचं प्रकरण बघा. जानेवारी 2025मध्ये कोलोराडोने तो कॅरोलिनाला दिला, बदल्यात नेचास आणि ड्रुरी घेतले. शिकागोने मध्ये पडून 92 लाख 50 हजारांचा निम्मा कॅप हिट स्वतःवर घेतला. पडद्यावर कॅरोलिनाची बाजू झकास दिसत होती: असा खेळाडू 46 लाख 25 हजारांत! पण करार त्याच उन्हाळ्यात संपत होता आणि तिथे नवा करार करायला तो तयार नव्हता. 13 सामन्यांत 2 गोल झाल्यावर, 7 मार्चला, कॅरोलिनाने त्याला डॅलसला देऊन स्टॅनकोव्हेन हा खेळाडू, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचे दोन पिक घेतले. डॅलसने आधी 8 वर्षांचा करार, दरवर्षी 1 कोटी 20 लाख, पक्का केला. दोन महिन्यांच्या आत प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात त्याने शेवटच्या पिरियडला हॅटट्रिक केली, तीही कोलोराडोविरुद्ध. माझ्या मते कॅरोलिनानेही वेळेत हात काढून घेतला. स्टॅनकोव्हेन तेव्हा 22 वर्षांचा, स्वस्त करारावर, आणि पुढची काही वर्षं संघाच्या ताब्यात राहणारा होता.

त्यामुळे पकपीडियाशेजारी नॅचरल स्टॅट ट्रिक ही खेळाच्या आकडेवारीची साइट उघडी हवीच. तिथे तीन गोष्टी बघा. खेळाडूचे गुण (गोल आणि असिस्ट) पाच-विरुद्ध-पाचमध्ये किती आणि पॉवर-प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, किती; नव्या संघात पहिल्या पॉवर-प्लेत जागाच नसेल तर दुसरा आकडा आपोआप गळतो. मारलेल्या शॉटपैकी किती टक्के गोल झाले. लीगची सरासरी 10च्या आसपास असते, एखादा यंदाच अचानक 20वर गेला असेल तर तुम्ही त्याच्या नशिबाचे पैसे देताय. आणि तो कुणाबरोबर खेळत होता. बचावपटू घेताना डावखुरा की उजवा हे सगळ्यात आधी. उजव्यांचा तुटवडा असतो, म्हणून त्यांचे भाव चढे.

फोनवर टेबलं रुंद पडतात, आडवा धरल्याशिवाय शेवटची वर्षं दिसत नाहीत. पंचवटीने मुंबईला जाताना बघायचं असेल तर पान इगतपुरीच्या आधी उघडून ठेवा, कसारा घाटात रेंज नसते.

डेडलाइन अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेने दुपारी तीनची, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे दीड. त्या आत लीगकडे पोचलेले सौदे रांगेत लागतात आणि बातमी नंतरही येत राहते. दीड वाजून पाच मिनिटांनी ‘आपल्या संघाने काहीच केलं नाही’ असा मेसेज टाकू नका. झोपा, सकाळी पान ताजं करून बघा.