कॉलेजच्या कन्सल्टन्सी सेलचा अनुभव: रिपोर्टपेक्षा फॉर्मबद्दल जास्त

शिरोली एमआयडीसीत माझी लहान फाउंड्री आहे. पंपाच्या बॉडी आणि कव्हर, एफजी २६० ग्रेडचं बीड (ग्रे कास्ट आयर्न), ग्रीन सँड मोल्डिंग, म्हणजे ओलसर वाळूच्या साच्यात ओतकाम. गेल्या पावसाळ्यात ब्लो होलमुळे, म्हणजे वाफ-वायू अडकून कास्टिंगच्या आत पडणाऱ्या भोकांमुळे, रिजेक्शन वाढत गेलं. शंभरात चार पीस जायचे, ते बारा-तेरावर गेले. मशिनिंगवाल्याचा फोन यायचा, "मालक, वरून माल चकचकीत आहे, पण पहिला कट मारला की आत भोकं." तोपर्यंत आमचं ओतकाम गेलेलं असतं आणि त्याची मजुरीही.

शेवटी कोल्हापूरजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या कन्सल्टन्सी सेलकडे, म्हणजे फी घेऊन कारखान्यांना सल्ला देणाऱ्या विभागाकडे, गेलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण माझा पुतण्या तिथेच मेकॅनिकलला आहे. हे कारण का सांगतोय ते पुढे कळेल.

आधी चार वर्षांपूर्वीचं सांगतो, कारण त्याशिवाय या सेवेची किंमत कळणार नाही. तेव्हाही सँडचाच त्रास होता. दुसऱ्याच एका कॉलेजचे सर ओळखीतून आले. मंगळवारी सकाळी अकराला येऊन दीड-दोनपर्यंत थांबायचे. पैसे रोख, पावती नाही. त्यांनी बेंटोनाइट (सँड बांधून ठेवायला मिसळतात ती माती) बदला म्हणून सांगितलं आणि कुणाकडून घ्यायचं तेही सांगितलं. आम्ही तीन महिने तो माल वापरला. रिजेक्शन तिथंच. पुढे जीएसटीच्या कागदांवरून कळलं, ती फर्म सरांच्या घरच्यांच्याच नावावर होती. माल वाईट होता असं मी म्हणत नाही. पण सरांनी सल्ला दिला की माल खपवला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. ही टोचणी पैशापेक्षा मोठी आहे.

आता हा सेल. ऑफिसात क्लार्कनं चार पानी फॉर्म दिला. पहिल्या पानावर नेहमीचंच: कंपनी, जीएसटी नंबर, काम काय. दुसऱ्या पानावर दोन चौकटी. एक काम करणाऱ्या प्राध्यापकासाठी: या कामाशी संबंधित कुठल्या धंद्यात तुमचा किंवा कुटुंबातल्या कुणाचा पैसा, भागीदारी, एजन्सी आहे का? दुसरी ग्राहकासाठी: तुमच्या घरातलं कुणी या कॉलेजात शिकतं किंवा नोकरी करतं का?

दुसरा प्रश्न वाचून मला राग आला होता. आम्ही काय पोराचे मार्क वाढवायला आलोय का? पण लिहिलं, पुतण्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचं काम ज्यांच्याकडे आलं त्या प्राध्यापक मॅडमनी तिथंच वाचलं आणि म्हणाल्या, "साहेब, बरं झालं लिहिलंत. या सेमिस्टरला त्याचं प्रोजेक्ट माझ्याकडे आहे. ते मी दुसऱ्या सरांकडे देते." तसं विभागप्रमुखांना लेखी कळवलंही. माझा राग तिथंच गेला. उद्या त्याला चांगले मार्क पडले तरी "काकाच्या फाउंड्रीमुळं पडले" असं कुणी म्हणणार नाही, आणि कमी पडले तर माझ्याही मनात काही येणार नाही.

मग पहिली चौकट. मॅडमनी निळ्या पेननं, जरा तिरक्या अक्षरात लिहिलं: "माझ्या सख्ख्या भावाची उद्यमनगरात बेंटोनाइट आणि कोल डस्टची एजन्सी आहे. खरेदीबाबत मी सल्ला देणार नाही. गरज पडल्यास विभागातील दुसरे प्राध्यापक देतील." खाली सही, तारीख. मी ते दोनदा वाचलं. चार वर्षांपूर्वी एवढ्या तीन ओळी कुणी लिहून दिल्या असत्या तर!

कामही चोख. सकाळी सातला पहिल्या हीटच्या (वितळलेल्या धातूच्या पहिल्या खेपेच्या) आधी मॅडम सँडच्या मिक्सरपाशी हजर. दोन दिवस दर तासाला सँडचा नमुना घेतला. ओलावा साडेतीन-चार टक्क्यांच्या आसपास हवा, तो दुपारनंतर साडेपाचवर जात होता. कारण आमची रिटर्न सँड, म्हणजे साचे फोडून परत वापरायची वाळू, गरमच मिक्सरला परत येत होती. गरम सँड हाताला कोरडी लागते, म्हणून मिक्सरवाला अंदाजानं पाणी वाढवायचा. त्या पाण्याची वाफ ओतताना कास्टिंगमध्ये अडकायची. उपाय काय? सँड पसरून थंड करा, फिरत्या सँडचा साठा वाढवा, पाणी मापून घाला. विकत काहीच घ्यायचं नव्हतं. तीन आठवड्यांत रिजेक्शन पाचवर आलं.

फी २२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, थेट कॉलेजच्या खात्यात, पावतीसह.

आता तक्रारी. कोटेशनवर प्राचार्यांची सही व्हायला नऊ दिवस गेले. रोज माल फुकट जात असताना नऊ दिवस फार होतात. मॅडम यायच्या त्या पहाटे नाहीतर शनिवारी, आणि लेक्चरच्या वेळेत फोन उचलायच्या नाहीत. आधी चिडलो. मग त्यांनीच सांगितलं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमात आठवड्याला ४० तासांचं काम धरलंय, आणि त्या कामाच्या आड येईल अशी दुसरी नोकरी किंवा बांधिलकी, अगदी खासगी शिकवण्यासुद्धा, शिक्षकानं घेऊ नये असं लिहिलंय. ते ऐकलं आणि मंगळवारी अकराला येणारे सर आठवले. त्या वेळी त्यांचा वर्ग कुठं असेल, हा प्रश्न मला चार वर्षांत एकदाही पडला नव्हता. आज तशाच एका वर्गात माझा पुतण्या बसतो.

अजून एक उणीव. ते दुसरं पान कॉलेजच्या फाइलमध्येच राहतं, ग्राहकाला प्रत मिळत नाही. मी मागितली तर क्लार्क गोंधळला, मग मॅडमनी झेरॉक्स काढून दिली. ती मागितल्याशिवाय मिळायला हवी. लेखी सूचना देऊन आलोय.

कुठल्याही कॉलेजकडे काम नेणार असाल तर परीक्षेचे दिवस सोडून जा, तेव्हा लॅब मोकळी नसते. सेलच्या ऑफिसातूनच जा, ओळखीनं परस्पर नको. आणि असं पान तिथं नसेल, तर तुमच्या लेटरहेडवर हे दोन प्रश्न लिहून न्या आणि सही घ्या. माझी झेरॉक्स मिक्सरशेजारच्या कपाटात आहे, शिरोलीत कुणाला बघायची असेल तर या.