डिफरन्शियल न उघडताच माझ्याकडून ७४,८५० रुपये घेतले गेले

चढावर ॲक्सिलरेटर दाबला की माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून दाते घासल्यासारखी करकर येऊ लागली होती आणि सपाट रस्त्यावर पाय हलका ठेवला की ती थांबत असे. ज्या गॅरेजमध्ये मी गेलो, तिथल्या मालकाने गाडी एकट्याने फिरवून आणली आणि दहा मिनिटांत निदान सांगितले: पुढच्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) क्राउन-पिनियन, म्हणजे त्यातली मुख्य गिअरजोडी, गेला आहे, तसेच चालवत राहिलात तर चाक जाम होईल. भीती घालून पैसे उकळण्याची ही रीत मला ऐकून माहीत होती. पण त्याच गाडीत घरची माणसे बसणार होती आणि तो धोका पत्करण्याची माझी तयारी नव्हती. मी ४०,००० रुपये आगाऊ दिले. चाचणीच्या फेरीत मेकॅनिकच्या शेजारी स्वतः बसा. तो नको म्हणाला तर किल्ली परत घ्या.

ज्या गोष्टीवरून मला तेव्हाच कळायला हवे होते, ती आजही डोक्यातून जात नाही. गॅरेजला जाण्याच्या आदल्या दिवशी चढावर करकर सुरू असताना मी गाडी ४एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते त्या स्थितीत, टाकली होती आणि आवाज त्याच क्षणी बंद झाला होता. माझ्या गाडीत २एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळत असताना, इंजिनाचा व्हॅक्यूम (हवा ओढून घेणारा दाब) पुढच्या चाकांचे हब, म्हणजे चाक ॲक्सलला जोडणारे दातेरी भाग, सुटे धरून ठेवतो, त्यामुळे तेव्हा पुढचे ॲक्सल आणि डिफरन्शियल जवळजवळ फिरतच नाहीत. जे फिरत नाही ते करकरणार कसे? क्राउन-पिनियन खरोखर गेला असता, तर ४एचमध्ये त्याच्यावर भार येऊन आवाज वाढायला हवा होता. हे मी मालकाला सांगितलेही, आणि त्यावर "दाते घट्ट बसले की आवाज दबतो" हे त्याचे उत्तर मी मान्य केले. दुसऱ्या दिवशी त्याने तुटलेल्या दात्याचा क्राउन माझ्या हातात ठेवला, तेव्हा त्यावर कोरडा, तांबूस गंज होता. सतत तेलात फिरणारा गिअर एका रात्रीत असा गंजत नाही. मी तो गंज पाहिला, बोटाला लागला म्हणून रुमालाने पुसलाही, आणि उरलेले ३४,८५० रुपये दिले. बिलात डिफरन्शियलचे सामान ५८,६००, मजुरी १२,५०० आणि तेल ३,७५० असे लिहिले होते. जुना भाग मागितला, तर तो 'कंपनीला परत द्यावा लागतो' असे सांगण्यात आले.

आवाज खरोखरच थांबला होता, म्हणून तेवीस दिवस मी समाधानात होतो. मग इंजिन ऑइल बदलताना दुसऱ्या कारागिराला व्हॅक्यूमचा एक पाइप काढून, त्याच्या तोंडात बूच मारून ठेवलेला दिसला. त्याने तो जागेवर बसवला आणि परतीच्या पहिल्याच चढावर करकर सुरू झाली. पाइप काढल्यामुळे दोन्ही हब कायमचे जोडलेले राहिले होते आणि आवाज थांबण्याचे कारण एवढेच होते. मूळ दोष चेक व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचा, होता: चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा व्हॅक्यूम घटतो, तो धरून ठेवण्याचे काम हा व्हॉल्व्ह करतो, आणि तो गळू लागला की हबमधले दाते अर्धवट लागून एकमेकांवर घासतात. मजुरीसह १,३४० रुपयांत काम झाले. डिफरन्शियलच्या बोल्टांवरच्या कारखान्यातल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या. त्याला पान्हासुद्धा लागला नव्हता.

पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून अर्ज घेतला नाही. ग्राहक तक्रार कक्षाने तज्ज्ञाचा अहवाल मागितला. अहवाल देणारा तज्ज्ञ कोण, हे विचारल्यावर ते सांगणे आपले काम नसल्याचे उत्तर मिळाले. मी बोल्टांची छायाचित्रे, दोन्ही बिले आणि दुसऱ्या कारागिराचे लेखी निवेदन दिले. त्यावर गॅरेजला एकच पत्र गेले, गॅरेजने 'काम समाधानकारक झाले' असे कळवले, आणि तेवढ्यावर माझी तक्रार निकाली काढण्यात आली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचाच शब्द पुरावा मानायचा असेल, तर छायाचित्रे मागवलीच कशाला? बोल्ट पाहायला एकही माणूस आला नाही. गाडी मी स्वतः कार्यालयाच्या दारात नेऊन उभी केली, तरी कोणी खाली उतरले नाही.

करकर कोणत्या स्थितीत येते, कोणत्या स्थितीत थांबते, हे गॅरेजला जाण्यापूर्वी लिहून काढा. चाक पूर्ण वळवल्यावर टकटक येत असेल तर आधी सीव्ही जॉइंट (ॲक्सलच्या टोकाचा वळणारा सांधा) पाहतात, आणि वेगाबरोबर वाढणारी घुमघुम एका बाजूला वळताना बदलत असेल तर चाकाचे बेअरिंग. हबची शंका असेल तर इंजिन चालू ठेवून, २एचमध्ये, नीट टेकू दिलेले पुढचे चाक हाताने फिरवायला सांगा. चाकाबरोबर ॲक्सल फिरला किंवा दाते खरखरले, तर डिफरन्शियल उघडण्याआधी व्हॅक्यूम तपासून घ्या. काम सुरू होण्यापूर्वी बोल्टांचे छायाचित्र काढून ठेवा. माझ्याकडे कामाआधीचे एकही नाही, आणि रंगाच्या खुणा नंतर कोणीही करू शकतो, असे आता ते गॅरेज म्हणत आहे.