बेळगावात भाड्याचं घर: एजंटाचा अनुभव, पाचपैकी दोन

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाचं काम लागलं म्हणून मे महिन्यात मी, नवरा आणि सासूबाई कराडहून बेळगावला आलो. वडगावात मावसदिरांकडे उतरलो होतो. पाहुण्याच्या घरी किती दिवस राहणार, म्हणून एजंट धरला. घर दाखवायचे आधी तीनशे रुपये, घर ठरलं की एक महिन्याचं भाडं दलाली. आमची मागणी साधी होती: दोन खोल्या, स्वयंपाकघर, तळमजला (सासूबाईंचे गुडघे दुखतात) आणि भाडं दहा हजारांच्या आत.

आधी चांगलं ते सांगते. माणूस वेळेवर यायचा, फोन उचलायचा. हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ, सगळ्या गल्ल्या त्याला तोंडपाठ. दोन तारे त्याचेच.

पण आठ दिवसांत दाखवलेल्या सहा घरांपैकी तीन पहिल्या मजल्यावरची. एक लीजवर, म्हणजे महिन्याचं भाडं नाही पण सहा लाख एकरकमी मालकाकडे ठेवायचे. एवढे पैसे असते तर आम्ही भाड्याचं घर कशाला शोधलं असतं? आणि पाण्याचं विचारलं की प्रत्येक घरी त्याचं उत्तर एकच, "पाणी येऊलालंय की ओ वैनी."

येतंय, पण कधी? बेळगावात घर बघताना हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. राकसकोप आणि हिडकल, दोन्ही धरणांतून शहराला पाणी येतं. काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना आहे, पण बाकीच्या भागात काही दिवसांआड नळ येतो. दोन गल्ल्यांच्या अंतरात एवढा फरक. कुठल्या घराला कुठलं पाणी, जमिनीत टाकी आहे का, बोअर आहे का, हे ज्याला सांगता येत नाही त्याने घर दाखवायचे पैसे घेऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

पाचवं घर अनगोळातलं. एजंटाने दार ढकललं आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. आत एक बाई भाकरी थापत होती. हात पिठाने भरलेले, तवा तापलेला, एवढंसं पोर तिच्या पाठीला टेकून बसलेलं. आम्ही येणार हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घर सोडायचंय हे ठाऊक होतं, पण आजच लोक येऊन कपाटं उघडून बघतील हे नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी उंबऱ्यातूनच मागे फिरले. तीच म्हणाली, "या की आत, बघा." तवा उतरवून तिने पलंग थोडा पुढे ओढला. मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढली होती, चुना पोपडे धरून सुटलेला, हात लावला तर बोटाला ओलसर पीठ. "पावसाळ्यात ह्या खोलीत पोराला निजवत नाही मी," ती म्हणाली. नळ पाच दिवसांनी येतो, तोही पहाटे, हेही तिनेच सांगितलं. तोवर एजंट बाहेर फोनवर बोलत होता.

निघताना तिने मला शहापुरातल्या तिच्या आत्याचा पत्ता दिला. त्याच घरात आम्ही आज राहतो. तळमजला, जमिनीत टाकी, भाडं साडेआठ हजार, डिपॉझिट चाळीस हजार. करार कन्नडमध्ये होता, तर घरमालकीण आजींनी शेजारच्या मुलीला बोलावून ओळ न् ओळ मराठीत वाचून घेतली. विजेचं बिलही आजींनी स्वतःहून दिलं, कारण कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूलाही २०० युनिटपर्यंतच्या विजेची सवलत घेता येते आणि नोंदणीला बिलावरचा खाते क्रमांक लागतो. यातलं एकही अक्षर एजंटाने आम्हाला सांगितलं नव्हतं.

उलट सामान आणलं त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. अनगोळचं घर मी दाखवलं, तिथूनच तुम्हाला हे कळलं, तेव्हा दलाली द्या. नवऱ्याने आवाज न चढवता नाही म्हणून सांगितलं. तीनशे रुपये गेले ते गेले.

पहिल्या दिवशीच गल्लीतून पायी फिरायला हवं होतं असं आता वाटतं. घरांवर पाट्या असतात, बऱ्याच कन्नडमध्ये. 'बाडिगे' म्हणजे भाडं. तेवढी अक्षरं मी आता ओळखते.

अनगोळच्या त्या बाईला मात्र अजून घर मिळालेलं नाही. जुलैअखेर खोली रिकामी करायची आहे. नऊ हजारांच्या आत, कोरडी भिंत आणि जमिनीत टाकी असलेलं घर अनगोळ, वडगाव किंवा शहापूर भागात कुणाच्या माहितीत असेल, तर इथे खाली लिहा. मी तिला रोज जाऊन सांगते.