नाणं परदेशातून मागवावं, लिलावात घ्यावं की गल्लीतल्या सराफाकडून?

निपाणीहून भाच्याचा एक मित्र आला होता. चहा येईपर्यंत त्याने मोबाइल पुढे केला. "काका, हे घेऊ काय?" रोमन सम्राट टायबेरियसचं चांदीचं नाणं, म्हणजे दिनारियस, लंडनचा दुकानदार, १८० पौंड, टपाल वेगळं. पहिल्या बोनसचे पैसे होते, त्यामुळे हात शिवशिवत होते. मी हो म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "तुला रोमन नाणं पाहिजे, का नुसतं जुनं नाणं पाहिजे?" या दोन्हींची दुकानं वेगळी आहेत.

रोमन किंवा ग्रीक पाहिजे असेल तर परदेशी दुकानदाराला तोड नाही. वीकॉइन्ससारख्या, अनेक नाणे-दुकानदार एकत्र असलेल्या वेबसाइटवर एका टायबेरियसचेच कितीतरी नमुने समोर येतात. प्रत्येकाचं वजन, व्यास, संदर्भग्रंथातला क्रमांक लिहिलेला असतो, आणि नशीब असेल तर आधी कुठल्या लिलावात विकलं गेलं तेही. जुन्या लिलावांचे भाव नेटवर शोधता येतात, त्यामुळे १८० पौंड जास्त की रास्त हे घरबसल्या ताडून बघता येतं. मुंबई-बंगळूरच्या लिलावात रोमन नाणी येतात, पण चार-सहा. त्यातून निवड ती काय करणार? गंमत बघा, ऑगस्टस आणि टायबेरियस यांचेच दिनारियस दक्षिण भारतात सगळ्यांत जास्त सापडलेत. मिऱ्याच्या व्यापारात इकडे आलेलं नाणं आपण आज लंडनहून मागवतो.

आता मेख. हे दुकानदार 'अस्सल नसेल तर कधीही परत करा' अशी जन्मभराची हमी देतात आणि आपण त्या भरवशावर पैसे टाकतो. पण आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, ५ एप्रिल १९७६ पासून लागू. शंभर वर्षांहून जुनं नाणं म्हणजे पुरावस्तू, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. बाहेरून आणायला हा कायदा आडवा येत नाही, पण एकदा बेळगावात उतरलेलं नाणं परत लंडनला धाडायचं म्हटलं की येतो. 'हे माझंच, मीच मागवलेलं' म्हणून भागत नाही. खोटं निघालं तर ते पुरावस्तू नाही, हे खरं. पण ते पुरातत्त्व खात्याकडून लिहून आणा, मग पाठवा. वर्णनापेक्षा झिजलेलं निघालं, आवडलं नाही, तर विषयच संपला. लंडनच्या गिऱ्हाइकाला त्याच किमतीत नाणं आणि हमी दोन्ही मिळतात; आपल्याला नाणं मिळतं आणि हमीचा कागद.

म्हणून पैसे भरण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न लिहून विचारायचा: नाणं खोटं ठरलं आणि आमच्या देशातून परत पाठवता आलं नाही, तर काय कराल? उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नये. आणि पाकीट तुर्कस्तान किंवा इजिप्तमधून निघणार असेल तर एवढाही विचार करू नये. तिथून प्राचीन नाणी बाहेर न्यायला बंदी आहे, म्हणजे येणारं नाणं एक तर चोरटं किंवा बनावट. स्वस्तात मिळतं ते त्यामुळेच.

खर्चाचं सांगायचं तर १८० पौंडांवर थांबत नाही. परकीय चलनासाठी कार्डाचा जादा आकार दोन ते साडेतीन टक्के, टपाल, आणि सीमाशुल्क. हे शुल्क नाण्याच्या किमतीवर नाही, टपाल आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर बसतं, वर जीएसटी. दर अधूनमधून बदलतात, घ्यायच्या आठवड्यात बघून घ्यावेत. परदेशी लिलावात बोली लावलीत तर हातोडा पडलेल्या रकमेवर वीस टक्क्यांच्या आसपास लिलावघराचं कमिशन, हे नवखी मंडळी हमखास विसरतात.

पाकिटावर खरी किंमत लिहायला सांगा. माझ्या एका जर्मन दुकानदाराने उपकार म्हणून 'टोकन, १० युरो' लिहिलं होतं. कस्टमवाल्यांनी ते उघडलं, माझ्याकडे पैसे भरल्याचा पुरावा मागितला, त्यात १४० युरो दिसले, आणि सहा आठवडे पत्रव्यवहार चालला. वाटेत हरवलं असतं तर भरपाई दहा युरोच. दुसऱ्या एका खेपेला कुरियरने अडवलं, कारण कार्डावर 'बेळगाव', आधारवर 'बेळगावी'. सीमाप्रश्न कॉल सेंटरच्या पोरीला इंग्रजीतून समजावून सांगणं म्हणजे काय ते मी भोगलंय. तेव्हापासून पत्ता आधारवर आहे तसाच. बऱ्याच कुरियर कंपन्या नाणी घेतच नाहीत, आणि साध्या पत्रातून नाणी पाठवायला टपालाच्या नियमात मनाई आहे. विमा केलेलं किंवा रजिस्टर टपाल हाच मार्ग. त्यात एक सुख: शुल्क पोस्टमनच दारात घेतो.

पण त्या पोराला नुसतं जुनं, आपल्या भागातलं पाहिजे असतं, तर मी त्याला सरळ मुंबई-बंगळूरचा रस्ता दाखवला असता. टोडीवाला, मरुधर यांच्यासारख्या लिलावांत सातवाहनांची शिशाची नाणी, आदिलशाही तांबं, आझमनगर-गोकाक टाकसाळीचे रुपये येतात. आझमनगर म्हणजे आपलं बेळगाव, हे वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. मला ते एका रुपयाने शिकवलं. मला स्वतःला वेड कुर राजांच्या नाण्यांचं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ती सापडली: एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड, भोवती विळिवायकुर अशी नावं. शिशाची असल्याने हातात घेतली की आकाराच्या मानाने जड लागतात. ते जडपण फोटोत कळत नाही. लिलावाआधी नाणी बघायला ठेवतात, आणि मुंबई काय, बंगळूर काय, आपल्याला दोन्ही एका रात्रीच्या बसवर. कमिशन आणि जीएसटी इथेही आहे, पण कस्टम नाही, बिल भारतातलं, आणि तक्रार असेल तर नाणं घेऊन माणूस स्वतः जाऊ शकतो. पुरावस्तू विकायला परवाना लागतो, तेव्हा बिलावर तो क्रमांक बघायला लाजू नये.

राहिला गल्लीतला सराफ आणि आठवडी बाजार. शिवराईसाठी ठीक. तांब्याची झिजकी शिवराई, एकीकडे 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति', अजून आवाक्यात मिळते, आणि हात बसवायला तिच्यासारखं दुसरं नाणं नाही. कडेवरून नख फिरवा: ओतीव नकलेला बहुतेक वेळा बारीक सांधा लागतो, आणि भिंगाखाली अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत दिसतात, मध्ये टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी उभी राहतात. सोन्याचा होन मात्र बाजारात कुणी दाखवला तर हात मागे बांधून बघावा. तांदूळ ओढणारं 'चमत्कारी' नाणं दाखवणारा भेटला तर चहाचे पैसे त्याच्याकडून घेऊन उठावं.

एकदा खानापूरकडच्या एका माणसाने फडक्यात गुंडाळलेली सातेक नाणी उलगडली. "शेतात गावलीत वो, परवा." त्याला वाटलं, अस्सलपणाचा याहून मोठा दाखला तो काय. मला घाम फुटला. कर्नाटकात १९६२ चा गुप्तधन कायदा आहे. जमिनीत सापडलेलं सरकारला कळवावं लागतं. 'शेतात सापडलं' हे वाक्य ऐकल्यावर विकत घेणाऱ्याने पाकीट खिशात परत घालायचं. इथेच परदेशी दुकानदार उलटा उजवा ठरतो. 'अमुक जुन्या संग्रहातून, अमुक साली विकलं' अशी त्याची चिठ्ठी आपल्याच मातीतल्या नाण्याला असते, आणि वीस किलोमीटरवरून आलेल्या नाण्याला नसते.

पोराने माझ्यासमोर बसूनच लंडनला तो प्रश्न लिहिला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. उत्तर असं होतं: दोन जाणकारांचं लेखी मत आणि फोटो पाठवा, आम्हाला पटलं तर नाणं न मागता पैसे परत करू. "मग?" मी विचारलं. "बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करायला बसलोय, काका. आधारवर निप्पाणी आहे, तसंच लिहू ना?"