जुन्या गाडीसाठी युनिव्हर्सल हीटर किट: कोअर दणकट, सामान यथातथाच

12 व्होल्टच्या या किटमधला तांब्याचा कोअर (गरम पाणी फिरवून हवा तापवणारी जाळी) उत्तम आहे. सोबतच्या होजच्या पत्र्याच्या क्लिपा मात्र सरळ फेकून द्या आणि स्क्रूच्या घ्या. होजही कूलंटसाठीचाच (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठीचा) हवा, 16 मिमीचा.

गरम पाणी सिलिंडर हेडवरून, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडून घ्यायचं. परतीचं पाणी वॉटर पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडाला. थर्मोस्टॅटच्या पुढून घेतलं तर तो उघडेपर्यंत गार वाराच खात बसाल.

‘हीटर तापतच नाही’ ही तक्रार बहुतेकदा अडकलेल्या हवेची असते. कोअर रेडिएटरच्या टोपीपेक्षा उंच बसला की हवा तिथेच साठते: एक होज चटका देतो, दुसरा गार. थंड इंजिनवर परतीचा होज सोडा आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत कूलंट ओता.

वायरिंगचा कागद अगदीच त्रोटक. पंख्याला रिले (मोठा प्रवाह सांभाळणारा स्विच) आणि 15 अँपिअरचा फ्यूज लावा. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) गाडी असेल तर मोटरच्या दोन्ही वायरी अदलाबदल करा. नाहीतर ब्लोअर उलटा फिरतो, वारा मरतुकडा येतो आणि बिचाऱ्या मोटरला शिव्या बसतात. डायनामो (गाडीला वीज पुरवणारं जनित्र) 22 अँपिअरचाच असेल तर हेडलाइट चालू असताना पंखा कमी वेगावरच ठेवा.