धातू व क्षरण शिकवण्याचा प्रयोगसंच : क्षरणासाठी सरस, निष्कर्षणासाठी अपुरा

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानातील धातुविज्ञान शिकवण्यासाठी आमच्या शाळेने पुण्यातील एका पुरवठादाराकडून तयार प्रयोगसंच मागवला. मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड व तांबे यांच्या पट्ट्या, साधे आणि जस्ताचा मुलामा दिलेले खिळे, मोरचूद, कॉपर कार्बोनेट, विरल सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशिअम फेरिसायनाइड, फिनॉल्फ्थॅलिन, अगर पावडर, निर्जल कॅल्शिअम क्लोराइड, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा आणि मराठीतील कृतिपत्रिका एवढा ऐवज त्यात आहे. किंमत ३,००० रुपयांच्या आत असल्याने ती लहान शाळेलाही झेपण्यासारखी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या ज्या वर्गात हा संच वापरला, तेथे खिडक्यांचे गज आणि बाकांचे पाय दर पावसाळ्यात गंजतात, त्यामुळे क्षरण हा विषय मुलांच्या डोळ्यांसमोरच असतो.

संचातील सर्वांत मोलाचा प्रयोग जेलमधील खिळ्यांचा आहे. गरम पाण्यात अगर विरघळवून त्यात फेरिसायनाइड व फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब मिसळायचे, त्या जेलमध्ये खिळे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. साध्या खिळ्याच्या डोक्याजवळ व टोकाशी निळा रंग येतो, कारण घडवताना तेथे धातूवर ताण आलेला असतो व लोह तेथून विरघळू लागते. मधल्या भागाभोवती गुलाबी रंग येतो, कारण तेथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्साइड तयार होते. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, हे वाक्य फळ्यावर कितीही वेळा लिहिले तरी जे समजत नाही, ते या दोन रंगांनी समजते. खिळ्याला जस्ताची पट्टी गुंडाळली तर निळा रंग येत नाही. तांब्याची तार गुंडाळली तर तो अधिक गडद येतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला कसे वाचवते आणि जस्ताचा पत्रा ओरखडा पडला तरी लगेच का गंजत नाही, हे मुलांनी मग आपणहून सांगितले. कथिलाचा मुलामा दिलेली पट्टी मात्र संचात हवी होती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर ओरखडा काढला आणि तो त्याच जेलमध्ये ठेवला, की ओरखड्याच्या जागी निळा रंग उमटतो व जस्त आणि कथिल यांच्या संरक्षणातला भेद स्पष्ट होतो.

विस्थापनाच्या, म्हणजे अधिक अभिक्रियाशील धातूने दुसऱ्याला त्याच्या द्रावणातून बाहेर काढण्याच्या, प्रयोगात कृतिपत्रिकेचा गंभीर दोष आढळतो. ॲल्युमिनिअमची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात बुडवावी व तिच्यावर तांब्याचा थर बसलेला पाहावा, एवढेच तिच्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात बराच वेळ काहीच घडत नाही आणि ॲल्युमिनिअम तांब्याहून कमी अभिक्रियाशील आहे, असा उलटाच निष्कर्ष मुले वहीत लिहितात. कारण पट्टीवरचा ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर द्रावणाला धातूपर्यंत पोहोचू देत नाही; पॉलिश कागदाने तो घासून काढला तरी हवेत क्षणार्धात पुन्हा तयार होतो. द्रावणात चिमूटभर मीठ टाकले, की क्लोराइड आयन हा थर भेदतात, तांबूस थर झपाट्याने जमतो, बुडबुडे येतात आणि परीक्षानळी गरम होते. अभिक्रियाशीलता श्रेणी आणि क्षरण यांची सांगड घालणारा याहून चांगला प्रयोग शाळेत करता येणार नाही. धनाग्रीकरणाने (ॲनोडायझिंगने) हाच थर विजेच्या साहाय्याने जाड केला जातो आणि ॲल्युमिनिअमच्या भांड्यात लोणचे ठेवू नये असे घरी जे सांगतात, त्याच्या मुळाशीही हाच थर आहे. एवढी संधी कृतिपत्रिकेने दोन ओळींत घालवावी, याचे वाईट वाटते.

गंजण्यासाठी हवा व पाणी दोन्ही लागतात हे दाखवणारा तीन परीक्षानळ्यांचा नेहमीचा प्रयोग ठीक आहे. मात्र बुचे सैल असल्याने दमट हवेत कॅल्शिअम क्लोराइड ओले होते व कोरडा राहायला हवा तो खिळाही गंजतो, म्हणून बुचांभोवती मेण लावावे. दिल्लीचा लोहस्तंभ ‘कधीच गंजत नाही’, हे कृतिपत्रिकेतील वाक्य बदलायला हवे. सुमारे १,६०० वर्षांपूर्वीच्या त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे गंजाखाली तयार झालेला संरक्षक थर त्याला राखतो, असे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले आहे.

निष्कर्षणाचा, म्हणजे धातुकापासून धातू मिळवण्याचा, भाग सर्वांत दुबळा आहे. कॉपर ऑक्साइड व कोळशाची पूड तापवून तांबे मिळवण्यास सांगितले आहे, पण स्पिरिटच्या दिव्याची आच त्याला पुरत नाही. त्याऐवजी हिरवे कॉपर कार्बोनेट त्याच दिव्यावर काळे होईपर्यंत तापवावे, ती काळी पूड कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवावी आणि निळ्या द्रावणात खिळा ठेवावा. निस्तापनापासून (कार्बोनेट तापवून त्याचे ऑक्साइड करण्यापासून) धातूपर्यंतचा सारा प्रवास त्यातून दिसतो. ॲल्युमिनिअमच्या निष्कर्षणाचे तर केवळ छापील चित्र आहे. शुद्ध ॲल्युमिना २,००० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो; १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीत तो क्रायोलाइट या वितळलेल्या खनिजात विरघळवतात, त्यामुळे सुमारे ९५० अंशांवर काम भागते. हे सांगितल्याशिवाय त्या चित्राला अर्थ नाही. ॲल्युमिनिअमच्या धातुकाचा, म्हणजे बॉक्साइटचा, एक तुकडा तरी द्यायला हवा होता. जांभ्याच्या ज्या सड्यांवर आमची मुले वाढतात, त्या सड्यांच्या प्रदेशातच बॉक्साइट सापडते. सोडिअम आणि थर्माइटचे (ॲल्युमिनिअमची पूड व लोहाच्या ऑक्साइडचे) मिश्रण धोकादायक असल्याने संचात दिलेले नाही, हे मात्र योग्यच झाले.

सुरक्षेबाबत दोन गोष्टी पुरवठादाराने तातडीने सुधाराव्यात. पोटॅशिअम फेरिसायनाइड व सल्फ्युरिक आम्लाच्या बाटल्या शेजारी ठेवल्या आहेत आणि ही दोन रसायने एकत्र तापवू नयेत, अशी सूचना कोठेही नाही. आम्लाबरोबर तापवल्यास त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघू शकतो. तसेच उरलेले मोरचुदाचे द्रावण गटारात ओतू नये, कारण ते माशांना घातक असते. त्यात भांडी घासण्याची लोखंडी घासणी टाकून निळा रंग जाईपर्यंत ठेवावी व खाली साचलेले तांबे गाळून घ्यावे.

या पुरवठादाराकडे फेरिसायनाइड वेगळे मिळत नाही, नव्याने हवे असल्यास पूर्ण संच घ्यावा लागतो, हे गैरसोयीचे आहे. अगर मात्र किराणा दुकानात चायना ग्रास या नावाने मिळते आणि जेलसाठी ते उत्तम चालते.